दुधरामभाऊ खोटी बारी पुकारत नाहीत

मोहबांधच्या तलावाखाली ज्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आहेत, त्यांच्या घरी भिंतीवर घड्याळं आहेत, हातात मोबाइल आहेत, आणि एका घरी तर पावसाचा अंदाज सांगणारं यंत्रही आहे. ते बहुधा पाऊस पडून गेल्यावर सांगतं. बांधीत पाणी कधी घ्यायचं हे मात्र यांपैकी कशावरही ठरत नाही. ते दुधराम कापगते यांच्या आवाजावर ठरतं.

दुधरामभाऊ गावचे पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी वाटणारे. वडील पाणकर होते, आजाही होता, आणि कोहळी समाजाच्या ज्या लोकांनी हा तलाव बांधला तेही आपल्याच घरातले होते असं गावातली निम्मी घरं सांगतात. इटियाडोह धरणाच्या कालव्याने आसपासच्या बऱ्याच गावांची सोय केली, पण तो मोहबांधच्या अलीकडेच वळतो. त्यामुळे पावसाने दडी मारली की गावाकडे दोनच गोष्टी उरतात: तलाव आणि त्याच्या मातीच्या पाळीवर उभे असलेले दुधरामभाऊ. सकाळी ते पाळीवर चढतात, घसा साफ करतात आणि पुकारतात, "बारी केवलरामचीऽऽ." ज्याचं नाव आलं त्याने फावडं उचलायचं, बांधीच्या कडेचा धुरा फोडायचा आणि पाणी घ्यायचं. बाकीच्यांनी आपापल्या घरी चहा प्यायचा.

हे कुठे लिहिलेलं नाही. तलावापासून सगळ्यात लांब जी बांधी तिला पाणी आधी, मग तिच्या अलीकडची, असं येत येत शेवटी तलावाच्या पायथ्याची. दुधरामभाऊंची स्वतःची बांधी अगदी पायथ्याला आहे. म्हणजे तीस वर्षं ते आपली बारी सगळ्यांच्या शेवटी पुकारत आले. ती पुकारतातही तेवढ्याच जोरात. "बारी दुधरामचीऽऽ" म्हणून स्वतःला ऐकवतात, मग खाली उतरून फावडं उचलतात. आवाजाबद्दल एवढंच सांगितलं तरी पुरे की ग्रामपंचायतीने काही वर्षांपूर्वी आणलेला लाउडस्पीकर अजून खोक्यातच आहे.

अशा माणसाच्या आयुष्यात बास्केटबॉल येण्याचं काही कारण नव्हतं. तो डब्यामुळे आला.

त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी गुंजन तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. करते आणि कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये खेळते. गेल्या वर्षी एकदा ती डबा घरी विसरली. कुंदाबाईंनी, म्हणजे दुधरामभाऊंच्या बायकोने, तो त्यांच्या हाती दिला आणि पोरगी उपाशी राहील म्हणून सायकलवर पिटाळलं. भाऊ कॉलेजच्या मागच्या सिमेंटच्या कोर्टाशी पोचले, कठड्याच्या भिंतीवर जरा टेकले आणि डबा मांडीवर ठेवून संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. गुंजन उपाशीच राहिली. परतल्यावर भाऊंनी घरात सांगितलं की खेळ चांगला आहे, पण दहा जणींत बॉल एकच दिलेला आहे.

ही आयोजकांची चूक असावी असं त्यांना पहिल्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी ते डब्याशिवायच गेले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना उलगडा झाला. चूक नव्हती. तलावही एकच असतो.

तिथून पुढे ते टीमचे पहिले, आणि बराच काळ एकमेव, प्रेक्षक झाले. गावच्या चौकातल्या पानठेल्यावर उभे राहून ते सामन्याचा अहवाल देत आणि तो ऐकायला माणसं थांबत. त्यांची निरीक्षणं त्यांच्या स्वतःच्या शास्त्रातली होती. रेफरी शिट्टी वाजवतो पण काय झालं ते पुकारत नाही, हे त्यांना कामचुकारपणाचं वाटे. डिंपल नावाची मुलगी धावते चांगली, पण थांबायचं विसरते, नव्यानेच जुंपलेल्या गोऱ्ह्यासारखी. आणि बास्केटच्या जाळीला खाली भोक आहे. एवढ्या मेहनतीने आत टाकलेला बॉल लगेच खाली गळतो आणि कोणीही ते भोक बुजवत नाही, याचं त्यांना पहिले काही सामने मनापासून वाईट वाटलं. अशी बांधी त्यांच्या गावात कोणी ठेवली असती तर पंचायत बसली असती.

यंदा आसपासच्या कॉलेजांनी मिळून एक लीग सुरू केली. प्रत्येक टीमशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या कोर्टावर, एकदा त्यांच्या. टीमचे सर वीरेंद्र बिसेन, मूळचे दवनीवाड्याचे, स्वतः धानवाल्या घरातले. पण नागपुरात शिकून आल्यावर त्यांचा योजनेवर विश्वास बसलेला होता. त्यांनी निवडलेल्या पाचही जणी मोहबांधच्या आणि त्याच्या टोल्यांवरच्या, म्हणजे वाड्यांवरच्या, निघाल्या. सर याला योगायोग म्हणत. खरं कारण असं की सकाळच्या सरावाच्या वेळेला फक्त त्याच गावाची एसटी पोचते.

सीझनचा पहिलाच सामना गोंदिया शहरातल्या टीमशी पडला, आपल्याच कोर्टावर. सप्टेंबर संपत आला होता, धान पोटरीत यायचे, म्हणजे लोंबी धरायचे, दिवस, आणि पाऊस आठवडाभर गायब. दुधरामभाऊ रोज सकाळी पाळीवर पुकारत होते आणि दुपारी उरलेला आवाज घेऊन भिंतीवर येऊन बसत होते. त्या दिवशी बराच उरला होता.

सामना सुरू झाला. आपल्या मुलींचा पहिला पास गुंजनने घेतला, दुसराही तिनेच, तिसराही. भाऊ अस्वस्थ झाले. पलीकडच्या कोपऱ्यात डिंपल कधीची रिकाम्या हाताने उभी होती, म्हणजे शेवटची बांधी कोरडी. त्यांनी विचार केला नाही. घसा साफ केला आणि पुकारलं, "बारी डिंपलचीऽऽ."

त्यानंतर जे घडलं ते समजायला त्या पाच मुलींचं बालपण ठाऊक असावं लागतं. जन्मल्यापासून त्या हाच आवाज ऐकत आलेल्या. हा आवाज आला की घरातलं कोणी तरी फावड्याला हात घालतं, आणि मग कोणी काही विचारत नाही. गुंजनच्या हातून बॉल डिंपलकडे गेला तेव्हा गुंजनला तो गेल्याचं नंतर कळलं. पुढच्या वेळी भाऊंनी आणखी कोणाची बारी पुकारली आणि बॉल तिच्याकडे गेला. सगळा सामना असाच झाला. वीरेंद्र सर बाजूने हातवारे करत होते, बोटांनी आकडे दाखवत होते, त्या आकड्यांना अर्थ होता आणि मुलींना तो पाठही होता. पण नागपूरची योजना एका बाजूला आणि जन्मभराचं वळण दुसऱ्या बाजूला असलं की वळण जिंकतं.

सामना मात्र गोंदियाने जिंकला, सतराला त्रेचाळीस. दुधरामभाऊ समाधानाने भिंतीवरून उतरले. भिंतीशी उभ्या असलेल्या गावच्या दोघा-तिघांना त्यांनी सांगितलं की आपल्या पाच जणींनी तीन, चार, तीन, चार, तीन असे गुण केले आणि असं वाटप त्यांनी आयुष्यात फार कमी वेळा पाहिलं आहे.

"हरलो ना पन, भाऊ," कोणी तरी म्हणालं.

"हरलो त हरलो. कोनाची बांधी कोरडी राहिली का?"

हे समाधान पाचेक मिनिटं टिकलं. गोंदियाच्या टीमची कॅप्टन नीतू, उंच, हसऱ्या चेहऱ्याची पोरगी, त्यांना शोधत आली आणि वाकून पाया पडली. "अंकल, अगले मैच में भी आना हाँ," ती म्हणाली. "आप पहले ही बता देते हो बॉल किसके पास जाएगी. हम वहीं जाके खड़े हो जाते थे."

बारी हा शब्द हिंदीतही तोच आहे, आणि गोंदिया शहर हिंदीत बोलतं. भाऊंना हे अर्थातच ठाऊक होतं. पण पाण्याची बारी पुकारताना ऐकणारा कोणी परका असतो, हा अनुभव त्यांच्या तीन पिढ्यांत कोणाला नव्हता.

ते सायकल हातात धरून चालत घरी गेले, आणि चालताना एकदाच स्वतःशी म्हणाले की पाळ मीच फोडली. कुंदाबाईंनी त्यांना जेवायला वाढलं. भाऊंनी जाहीर केलं की आपण आता सामन्याला जाणार नाही. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत नवऱ्याला एखाद्या गोष्टीचा नाद लागलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता, आणि तो सुटला तर संध्याकाळभर ते घरात काय करतील याचा त्यांना अंदाज होता.

"घरी बसून माह्या सयपाकाची बारी पुकारू नका मंग," त्या म्हणाल्या.

भाऊ शब्दाला जागले आणि पुढच्या सामन्याला गेले नाहीत. तो दुसऱ्या एका कॉलेजशी होता. तिथे उलटंच झालं. मुलींच्या हातात बॉल येई आणि त्या भिंतीकडे पाहत. भिंतीवर कोणी नसे. मग त्या एकमेकींकडे पाहत, आणि तोवर बॉल ठरल्यापेक्षा जास्त वेळ धरून ठेवला म्हणून रेफरीची शिट्टी होई. नऊ गुण झाले. ते कसे वाटले गेले हे विचारण्याची हिंमत भाऊंनी केली नाही.

वीरेंद्र सर दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर मोहबांधला आले. मागोमाग सगळी टीम कॉलेजातून एसटीने आली. हे शिष्टमंडळ घराच्या छपरीत बसलं, कुंदाबाईंनी चहा आणि पोहे केले, आणि सरांनी आपली योजना मांडली. ती खरोखर चांगली होती. गोंदियाशी परतीचा सामना पंधरवड्यावर आला होता. काकांनी यायचं, नेहमीसारखं पुकारायचं, फक्त नाव खोटं पुकारायचं. ते म्हणणार डिंपल, नीतू धावणार डिंपलकडे, आणि बॉल जाणार गुंजनला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सरांनी कशी रचना होईल ते पोह्यांच्या ताटलीत शेंगदाणे मांडून दाखवलं. कुंदाबाईसुद्धा हसल्या.

दुधरामभाऊ हसले नाहीत. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"खोटी बारी मी नाई पुकारत," ते म्हणाले.

सरांना वाटलं काका लाजताहेत. त्यांनी समजावलं की हा खेळ आहे, यात समोरच्याला फसवणं नियमातच बसतं. बॉल इकडे दाखवून तिकडे टाकतात त्याला तर शाबासकी मिळते.

"तुमच्या हाताचं तुमी पाहा, सर. हा माहा तोंडाचा धंदा होय," भाऊ म्हणाले. "आज तिकडं खोटी पुकारली, न उद्या पाळीवरून पुकारली, त लोक म्हनतील, काऊन गा दुधराम, खरी होय का बास्केटबॉलची होय? मंग एकेक जन काठी घेऊन धुऱ्यावर बसन. पानी वाटून होईन, पन काठीनं."

छपरीतल्या सगळ्यांनाच धुऱ्यावरची काठी म्हणजे काय ते ठाऊक होतं. सर जरा रागावून उठले. त्यांनी मोटारसायकलला किक मारत सांगितलं की मग काकांनी गोंदियाला येऊ नये. खरी बारी पुकारली तर टीम हरते, आणि खोटी त्यांना पुकारता येत नाही. तिसरं काही नसतं. भाऊंनी मान हलवली. सरांचं बरोबर होतं. त्यांना ते पटलं होतं, म्हणूनच त्यांचा चेहरा उतरला होता.

पुढचे दिवस ते पाळीवर चढत, पुकारत आणि उतरत. आवाज तोच होता, पण गावाला फरक कळला. चौकात अहवाल बंद झाला होता. पानठेल्यावर लोक राजकारणावर बोलू लागले आणि दोनदा भांडणं झाली.

सामन्याच्या दोन दिवस आधी कॉलेजला सुट्टी होती. गुंजन मोठेबाबांबरोबर पाळीवर गेली. ती त्यांना मोठेबाबा म्हणते, आणि एरवी दोघांचं बरंच बोलणं चालतं. त्या दिवशी ती मुकाट्याने मागे मागे चालत होती. भाऊंनी घसा साफ केला. "बारी केवलरामचीऽऽ."

केवलराम आपल्या बांधीच्या धुऱ्यावरच उभा होता. त्याने फावडं उचललं, खांद्यावर टाकलं, आणि धुरा न फोडता शेजारच्या बांधीकडे हनुवटी उडवली. शेजारची बांधी मंदाबाईंची. तिथल्या धानाची पानं पिवळी पडू लागली होती. मंदाबाईंनी आपला धुरा फोडला आणि पाणी त्यांच्या बांधीत गेलं. केवलराम बिडी पेटवून घरी निघाला. हे गावात नेहमीच होतं. त्यात पाहण्यासारखं काही नाही, आणि गुंजननेही ते शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र ती पाळीवरच थांबली.

"मोठेबाबा, तुमी केवलरामकाकाची बारी पुकारली न पानी गेलं मंदाबाईच्या बांधीत," ती म्हणाली. "म्हंजे तुमची बारी खोटी झाली का?"

"खोटी कायले होईन? बारी त्याचीच होती. त्यानं देल्ली."

गुंजनने केवलरामच्या पाठीकडे पाहिलं. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता पाळीवर खाली बसली. भाऊ तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना उलगडायला थोडा वेळ लागला, कारण विचार करायचा तर ते दुसरीकडे पाहून करतात. ते तलावाकडे वळले. पाण्यावर बदकं होती. परत वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या सामन्यानंतरचं ते समाधान अर्धंमुर्धं परत आलं होतं.

पण त्यांनी अटी घातल्या. बारी ते खरीच पुकारणार, आणि जिची आहे तिचीच. देणारीने मनापासून द्यायची, सरांनी सांगितलं म्हणून नाही. आणि जिने घेतली तिने पुढे कधी तरी परत करायची, कारण घेतलेली बारी परत न करणाऱ्याला मोहबांधमध्ये दुसऱ्यांदा कोणी देत नाही. गुंजनने हे सगळं वीरेंद्र सरांना फोनवर सांगितलं. सरांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग त्यांनी विचारलं की परत करणं याच सामन्यात असतं की पुढच्या.

परतीच्या सामन्याला गावातून माणसं आली. गोंदियाला काम काढून आली, एसटीने, मोटारसायकलींवर, आणि एक बिऱ्हाड तर कचारगडच्या देवदर्शनाहून परतताना वाटेत उतरलं. कुंदाबाई नव्या लुगड्यात होत्या. त्या पहिल्यांदाच सामना पाहत होत्या आणि त्यांचं म्हणणं होतं की पोरींना इतकं पळवू नये. दुधरामभाऊ पांढऱ्या शर्टात, खांद्यावर दुपट्टा टाकून, प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. पाळ म्हणून तीच त्यातल्या त्यात बरी होती. गोंदियाच्या मुलींनी त्यांना पाहिलं आणि त्यांना आनंद झाला. नीतूने हात हलवला. भाऊंनीही हलवला.

"बारी डिंपलचीऽऽ."

नीतू आणि तिची जोडीदारीण दोघी डिंपलकडे धावल्या. बॉल डिंपलकडे आला. भाऊंनी पुकारलं होतं तिच्याचकडे आला. डिंपलने एक हात खांद्याला लावला, फावडं टाकतात तसा, गुंजनकडे हनुवटी उडवली आणि बॉल दिला. गुंजनच्या आसपास कोणीच नव्हतं.

मोहबांधची मंडळी पायऱ्यांवरून पुढे वाकली. मग केवलराम म्हणाला, "देल्ली गा!" आणि सगळ्या पायऱ्या हसायला लागल्या. शहरातल्या प्रेक्षकांना हसण्यासारखं काय झालं ते कळलं नाही. दोन गुण झाल्याचं तेवढं कळलं.

दोन क्वार्टर असे गेले. भाऊ पुकारत, गोंदियाच्या मुली धावत, आणि जिची बारी ती खांद्याला हात लावी. बहुतेकदा गुंजनला मिळे, कारण ती टाकते चांगलं आणि ते पाचही जणींना मान्य होतं. एकदा एकीने दिली नाही, स्वतःच ठेवली आणि हुकली. भाऊंनी मान डोलावली. तिची होती, तिने ठेवली. कुंदाबाईंना दुसऱ्या क्वार्टरमध्ये बास्केटच्या जाळीचं भोक दिसलं आणि त्यांनी ते नवऱ्याला दाखवलं. भाऊंनी जाणत्या माणसाच्या शांतपणे सांगितलं की ते तसंच असतं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये गोंदियाचे सर छोटेलालजी शहाणे झाले. ते बरीच वर्षं टीम घडवत आलेले, मिशा पिकलेले गृहस्थ. त्यांनी टाइमआउट घेतला आणि मुलींना जवळ बोलावलं. आवाज त्यांचाही कमी नव्हता, त्यामुळे वरच्या पायरीपर्यंत ऐकू आलं. "वो दादा जिसका नाम ले, उसको छोड़ दो. वो छोड़ के बाकी सबको पकड़ो."

तिथून सामना अवघड झाला. नाव येई तिच्याकडे कोणी फिरकत नसे, पण सवयीने ती बारी देऊन टाके, आणि जिला देई तिच्याभोवती तीन मुली उभ्या असत. आठ गुणांची आघाडी गेली. वीरेंद्र सरांनी बोटांनी आकडे दाखवले. कोणी पाहिलं नाही. शेवटच्या मिनिटात गोंदिया एका गुणाने पुढे गेलं आणि बॉल आपल्या मुलींकडे आला. घड्याळात काहीच सेकंद उरले होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आतापर्यंत फक्त कुंदाबाईंच्या लक्षात आली होती. सबंध सामन्यात दुधरामभाऊंनी चौघींची बारी अनेकदा पुकारली होती. गुंजनची एकदाही नाही. ती घरची. घरची बांधी तलावाच्या पायथ्याला असते. तिला मिळालं ते सगळं दिलेलं होतं, तिचं असं काही अजून आलंच नव्हतं. आता मात्र चौघींच्या बाऱ्या होऊन गेल्या होत्या. शेवटची होती ती आलीच होती. आणि ती पुकारली तर खाली सगळे ऐकणार होते.

भाऊ उभे राहिले. घसा साफ केला.

"बारी गुंजनचीऽऽ."

गोंदियाच्या पाचही मुली गुंजनला सोडून गेल्या. इतक्या तत्परतेने गेल्या की डिंपलने तिला बॉल दिला तेव्हा कोर्टाच्या त्या भागात ती एकटी होती, सकाळच्या बांधीत एकटाच बगळा असतो तशी. वीरेंद्र सर ओरडले, "दे! डिंपलला दे!" नीतू डिंपलला चिकटून उभी होती आणि गुंजनच्या हाताकडे पाहत होती, तो खांद्याकडे कधी जातो म्हणून.

हात खांद्याकडे गेला नाही. गुंजनने वर, शेवटच्या पायरीकडे, एकदा पाहिलं. मग बॉल टाकला. तो कड्यावर आपटला, तिथेच विचार करत थांबल्यासारखा झाला, आणि जाळीतून खाली गळला. शिट्टी झाली. अडतीस–सदतीस.

नंतर जे झालं ते मोहबांधमध्ये अजून सांगतात, दर वेळी थोडं वाढवून. पायऱ्यांवरून माणसं कोर्टात उतरली. मंदाबाईंनी गुंजनला उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही म्हणून डिंपलला उचललं. सरांनी केवलरामला मिठी मारली. दोघांची ओळख नव्हती. कुंदाबाई डोळे पुसत म्हणत होत्या की पोरींना पाणी द्या कोणी. वरच्या पायरीवर फक्त दुधरामभाऊ राहिले. ते सावकाश उतरले, गर्दीच्या कडेने गेले आणि थेट छोटेलालजींसमोर उभे राहिले. चेहऱ्यावरून कळत होतं की माणूस दुखावला आहे.

"सर, तुमच्या पोरींनी माह्या बोलावर भरोसा नाई ठेवला," ते म्हणाले. "मी सांगतलं गुंजनची बारी. ते गुंजनचीच होती."

छोटेलालजी हरलेल्या सामन्याचा हिशोब मनात करत होते. त्यांनी भाऊंकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की हा माणूस चेष्टा करत नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले. "गलती हो गई, भाऊ," ते म्हणाले. नीतू शेजारी उभी होती, घामाने निथळत, हरूनही हसत. तिने कान पकडले आणि सांगितलं की पुढच्या वर्षीपासून अंकल जे बोलतील ते मानणार.

भाऊंचं समाधान झालं. मागे उभ्या असलेल्या वीरेंद्र सरांचंही झालं, पण वेगळ्या कारणाने: पुढच्या वर्षी जिचं नाव येईल तिच्यामागे गोंदिया पुन्हा धावणार होतं, आणि हे त्यांनी त्या घडीला कोणाला सांगितलं नाही.

संध्याकाळच्या एसटीत डिंपल आणि बाकीच्या तिघी गुंजनकडून तिने घेतलेल्या बाऱ्या मोजून घेत होत्या. प्रत्येकीचा आकडा वेगळा येत होता आणि बेरीज कशीही केली तरी पुढचे दोन सामने गुंजनला बॉल नुसता देत राहावा लागेल असं निघत होतं. ती कबूल करत नव्हती. हे भांडण मोहबांधच्या फाट्यापर्यंत पुरलं. कुंदाबाईंनी खिडकीशी बसलेल्या नवऱ्याला विचारलं की आता तरी खूश आहात ना.

भाऊ बाहेर पाहत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान होतं, काही हिरवं, काही पोटरीला आलेलं.

"जिंकलो त जिंकलो," ते म्हणाले. "पन वाटप बरोबर नाई झालं. एकाच बांधीत लय गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर घरच्या बांधीचीच बारी होती. भाऊंनी पाळीवरून ती सगळ्या गावाला ऐकू येईल अशी पुकारली, खाली उतरले आणि फावड्याकडे गेले. फावडं जागेवर नव्हतं. गुंजनने ते आधीच खांद्यावर टाकलं होतं आणि ती मंदाबाईंच्या बांधीकडे हनुवटी उडवून उभी होती. तिथली पानं अजून पुरती हिरवी झालेली नव्हती.

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं, आणि चहा प्यायला घरी गेले. चौकातून जाताना पानठेल्यावर त्यांना थांबवण्यात आलं. अहवाल बराच वेळ चालला.